जाड तेल, पातळ तेल आणि इंजिनाची हजेरी

ती. दादासाहेबांच्या सेवेशी,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे, कंबर का धरली आहे ते पुढे येईलच). तुझी तब्येत कशी आहे? वहिनीची? आणि मुख्य म्हणजे तुझ्या नव्या गाडीची? तिला ऊन लागत नाही ना, वारा सोसतो ना? एकामागून एक इतके फोटो पाठवलेस, समोरून, मागून, दार उघडून, दार लावून, की आधी मला वाटलं लग्नाला स्थळ शोधतोयस तिच्यासाठी. छान आहे हो. रंगही गोरा आहे. सुरू केली तरी आवाज येत नाही असं तू खाली लिहिलं होतंस. हे वाक्य लक्षात ठेव, मला ते पुढे लागणार आहे.

फोन सोडून पत्र कुठून काढलं, असं तुझ्या मनात आलं असेल. तर फोन केला की तू लगेच उचलतोस, याबद्दल तुझं कौतुकच आहे, पण उचलून 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' म्हणतोस, आणि तुझं ते नंतर अजून उजाडायचं आहे. पत्राचं बरं असतं. पत्र गुपचूप मीटिंगमध्येसुद्धा वाचता येतं. टेबलाखाली धर. शाळेत धरायचास तसं.

तर विषय बाबांच्या गाडीचा. म्हणजे आता माझ्या गाडीचा, तुझ्याच कृपेने. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं, तेव्हा आपण अत्यंत मोठ्या मनाने फोनवरून निकाल दिलात की गाडी भंगारात काढा, विषय संपवा. मी भांडले, तेव्हा आपण त्याहून मोठ्या मनाने म्हणालात की एवढा पुळका आहे तर तू घेऊन जा. घेऊन आले. मला रोज पेशंटांच्या घरी जाऊन त्यांचे गुडघे वाकवायचे असतात, खांदे फिरवायचे असतात, मागे घडीचं टेबल टाकायला गाडी हवीच होती. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडी फाटकाबाहेर पडताना काचेवर टकटक करून एकच अट घातली. रोज सकाळी कामाला निघण्याआधी गाडी सुरू करायची आणि फोन बॉनेटजवळ धरायचा. डोळे गेलेत, म्हणाले, कान शाबूत आहेत.

तेव्हापासून आमच्याकडे रोज सकाळी इंजिनाची हजेरी असते. मी फोन धरते, बाबा तिकडे ऐकतात. मग म्हणतात, जरा पाय दे. मी आत बसून ॲक्सिलरेटर दाबते, आमचे हे फोन धरतात. मग 'हं' येतो, आणि 'हं'नंतर कधी प्लग, कधी रेडिएटरचं पाणी, कधी नुसतंच 'बरी आहे'. तुला हा पोरकटपणा वाटेल. मलाही वाटला होता. पण तिकडच्या शेजारच्या काकूंनी मला सांगितलं की फोन आला की बाबा पोटभर जेवतात, आणि गाडी आज कशी होती ते काकूंना दिवसभर सांगत बसतात (काकूंना सायकलसुद्धा येत नाही, पण आता त्या इंजिनातल्या टॅपेटवर बोलू शकतात). एक दिवस माझा फोन राहिला, तर दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले होते म्हणे. तिथे फरशीवर तेलाचा काळा डाग आहे ना, तो कामवाल्या बाईंना पुसू देत नाहीत. आई गेल्यावर त्या घरात ते आणि ती गाडी असे दोघंच उरले होते रे. त्यातली एक मी उचलून आणली. म्हणून मी ठरवलं की काही होवो, हजेरी चुकणार नाही, आणि गाडी बिघडली आहे हे बाबांच्या कानावर कधी जाणार नाही. तुझे फोन त्यांना किती येतात ते मी काकूंना विचारलं नाही. काकूंनीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नसावं.

आता तेलाकडे येते. गाडीचं इंजिन ऑइल बदलायची वेळ झाली, आणि माझी समजूत अशी की तेल म्हणजे तेल. दुकानात गेले तर भिंतभर डबे, आणि प्रत्येकावर आकडे. वीस-पन्नास, पंधरा-चाळीस, शून्य-वीस. मधे इंग्रजी डब्ल्यू. (आमचे हे दोन दिवस डब्ल्यू म्हणजे वजन असं छातीठोकपणे सांगत होते. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा गार इंजिनात तेल किती पातळ राहतं त्याचा आणि दुसरा तापलेल्या इंजिनात किती जाड राहतं त्याचा. आकडा लहान तेवढं तेल पातळ. एवढं साधं आहे, पण एवढं साधं कोणी सांगितलं तर त्याचा मान राहत नाही.) गाडीसोबत आलेल्या कंपनीच्या पुस्तकात बघावं म्हटलं, तर त्यात सगळी पानं सुटी होती आणि तेलाचं पान तेवढं तेलाने चिकटलेलं होतं.

मग तज्ज्ञांचं मत घेतलं. बाबा फोनवर म्हणाले, जाड घाल, वीस-पन्नास. म्हातारी झाली आहे, आतून झिजली आहे, सगळ्या फटी मोठ्या झाल्यात, पातळ तेल निसटून जाईल. पटलं. आमच्या मेकॅनिकला विचारलं. त्याला आम्ही होऊन-जाईल म्हणतो, कारण ब्रेक लागत नाहीत म्हणा, दार निखळून पडलंय म्हणा, तो 'होऊन जाईल ताई' एवढंच म्हणतो. जाड घालू की पातळ, तर म्हणे होऊन जाईल. मग आमच्या घरातले तज्ज्ञ. तुझे मेहुणे पाणीपट्टीच्या ऑफिसात बसतात, त्यांचा तेलाशी संबंध जेवणाच्या डब्यापुरता. पण त्यांनी व्हिडिओ पाहिले होते. तीन रविवार पाहत होते. जगातल्या सगळ्या पुढारलेल्या देशांत आता पातळ तेलच घालतात, पेट्रोल वाचतं, इंजिन लोण्यासारखं चालतं, आणि जाड तेल ही जुन्या लोकांची अंधश्रद्धा आहे, असा निष्कर्ष त्यांनी माझ्यासमोर आणि भांडी घासणाऱ्या मावशींसमोर जाहीर केला. मावशी म्हणाल्या, असेल.

पहिल्यांदा अर्थात बाबांचं ऐकलं आणि जाड घातलं. दिवस थंडीचे. सकाळी किल्ली फिरवली की गाडी अशी कण्हायची की माझे गुडघेदुखीचे पेशंट बरे. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कुठे सुरू व्हायची, आणि डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझायला वेळ घ्यायचा. बाबा मात्र फोनवर खुश. कण्हली? म्हणायचे. चोक ओढ. घाई करू नकोस. दुपारी परत एकदा सुरू करून बघ आणि मला कळव. दुपारी कळवलं की संध्याकाळी परत. दिवसाला तीन-तीन फोन व्हायला लागले. काकू म्हणाल्या, बाबा आता रात्रीचं दूधसुद्धा न सांगता पितात. मला वाटलं, गाडी आजारी पडली की माणूस कसा टवटवीत होतो बघा. याहून जास्त विचार मी केला नाही. करायला हवा होता.

पण पेशंट खोळंबायला लागले. एक आजी तर म्हणाल्या, तू येईपर्यंत माझा गुडघा आपोआप बरा झाला, आता उद्या ये. आमच्या यांना तेवढंच निमित्त पुरलं. गाडी होऊन-जाईलकडे नेली, जाड तेल काढलं, आणि सगळ्यात पातळ, शून्य-वीस, जे कालपरवा जन्मलेल्या गाड्यांना घालतात, ते आपल्या या पणजीबाईंना पाजून आणलं. येताना चेहरा असा की ऑपरेशन यशस्वी झालं आहे. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवताच गाडी झटक्यात सुरू झाली. हे मिशीतल्या मिशीत हसले. (मिशी नाही. पण हसले तसंच.) मग इंजिन तापलं. आणि आतून टकटकटकटक असा आवाज सुरू झाला, कोणीतरी आत अडकलंय आणि बाहेर काढा म्हणतंय असा. सिग्नलला थांबले की तेलाचा लाल दिवा मला डोळे मिचकावायचा. मागून निळा धूर. आणि जिथे उभी करावी तिथे खाली तेल. बाबा म्हणाले होते निसटेल. निसटलं. नेमकं शेजाऱ्यांच्या जागेत निसटलं.

आमचे शेजारी म्हणजे शिस्त. त्यांची गाडी तुझ्या गाडीची सख्खी बहीण शोभेल, नवी, गोरी, मुकी. तिच्या जागेतली फरशी ते रोज सकाळी स्वतः पुसतात. त्या फरशीवर आमच्या गाडीची तेलाची नदी गेली. मी गुडघ्यांवर बसून घासली, दोन दिवस घासली, कंबर तेव्हाच गेली. (लोकांना वाकताना पाठ सरळ ठेवा म्हणून सांगते मी. त्याचे पैसे घेते.)

पण फरशीपेक्षा मोठं संकट सकाळच्या हजेरीचं. ती टकटक बाबांनी ऐकली असती तर? पातळ घातलंस? माझ्या गाडीत? ओरडले असते तर चाललं असतं, बाबा ओरडत नाहीत हीच पंचाईत आहे. 'बरं' म्हणाले असते आणि फोन ठेवून त्या डागाकडे बघत बसले असते. शिवाय तुझ्या कानावर गेलं असतं आणि आपण तिसऱ्यांदा मोठं मन दाखवून भंगारवाल्याचा नंबर पाठवला असतात. म्हणून यांनी डोकं चालवलं. (हे वाक्य आमच्या घरात संकटाची सूचना म्हणून वापरतात.) शेजारी बरोबर त्याच सुमाराला ऑफिसला निघतात. आपण फोन त्यांच्या बॉनेटजवळ धरायचा, हे म्हणाले!

शेजाऱ्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं फरशीचा राग काढतील, पण माणूस विरघळला. त्यांचेही वडील कुठे तरी लांब असतात म्हणाले. दुसऱ्या दिवशी टाय लावून गाडीत बसले, हे बॉनेटवर ओणवे, मी फोनवर, आणि शेजारी मला खुणेने विचारतायत, पाय देऊ का? दिला. बाबा तिकडे ऐकतायत. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाले, हं. सुधारली आहे. आणि थोडं थांबून, पट्टा बघून घे.

म्हणजे फॅन बेल्ट. आम्ही आपल्या गाडीचा पट्टा बघितला. छान होता, गेल्याच वर्षी बदललेला. दुसऱ्या दिवशी परत, पट्टा बघितलास का? बघितला बाबा, चांगला आहे. हं. तिसऱ्या दिवशी, तो पट्टा जायला आलाय, वेळेत बदल. रोज तेच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. हे हळूच म्हणाले, आता कानही गेले वाटतं. मी यांच्यावर डाफरले, पण दादा, खरं सांगते, मलाही तेच वाटलं आणि त्या दिवशी एका पेशंटच्या खांद्याऐवजी मी त्यांची मानच दाबत बसले होते. डोळे गेले, कानही गेले, तर बाबांकडे उरणार काय? शेजारी मात्र मजेत होते. आपल्या गाडीचं रोज कौतुक होतंय म्हणून ते थोडं लवकरच खाली येऊन बसायला लागले होते. बाबा काय म्हणाले, विचारायचे. पट्टा म्हणाले, असं मी सांगायची. ते हसायचे. वय झालं, म्हणायचे.

गेल्या गुरुवारी त्यांचा पट्टा तुटला. भर चौकात, बरोबर बायको, मागे बायकोचे आईवडील, सगळे नटून समारंभाला निघालेले. स्टिअरिंग जड झालं, सगळे दिवे एकदम लागले, आणि ती मुकी गाडी जागच्या जागी बसली. मला फोन आला. मी गेले आपली टकटक करत, निळा धूर सोडत, आणि दोरी बांधून त्या गोऱ्या गाडीला ओढत गॅरेजपर्यंत घेऊन गेले. होऊन-जाईलने बॉनेट उघडलं, तुटलेला पट्टा बाहेर काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा वेगळं वाक्य बोलला. म्हणाला, हा रोज सकाळी कुईकुई करत असणार, कोणी ऐकला कसा नाही?

घरी येताना हे हळूच म्हणाले, म्हणजे कान शाबूत आहेत.

आणि रविवारी बाबा आले. एकटे, बसने, न कळवता, खांद्याला पिशवी. (हो, एकटे. दोन ठिकाणी बस बदलून. पाटी वाचता येत नाही म्हणून लोकांना विचारत. तू मीटिंगमध्ये असशील म्हणून तुला त्रास दिला नसेल.) वर घरातसुद्धा आले नाहीत. खाली गाडीपाशीच उभे राहिले, बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, कर सुरू. मी केली. टकटकटकटक. धूर. लाल दिवा. शेजारी समोर फडकं घेऊन उभे, आमचे हे खांबाच्या आड. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, ही माझी. मग इतके दिवस मला रोज जिच्याशी बोलायला लावत होता ती कोण?

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काही बोलायला तोंड उघडलं तर बाबा शेजाऱ्यांकडे वळून अगदी आपुलकीने विचारतात, पट्टा बदललात का? शेजारी म्हणाले, हो काका, परवाच. बाबा म्हणाले, मी पोरीला रोज सांगत होतो.

तर असा सगळा प्रकार. बाबा चार दिवस राहिले आणि आज सकाळी परत गेले. मी बसमध्ये बसवून आले, तिकडे काकूंचा मुलगा उतरवून घेणार आहे. बाकी सर्व ठीक. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गाडीला काय देतात ते मला माहीत नाही, जे देत असतील ते.

तुझी,
धाकटी

ता. क. तेलाचं सांगायचं राहिलंच. बाबांच्या पिशवीत कपडे नव्हते, तेलाचा डबा होता. जाडही नाही आणि पातळही नाही, मधलं, पंधरा-चाळीस. स्वतः शेजारी उभं राहून होऊन-जाईलकडून बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी थंडीत गाडी पहिल्या किल्लीला सुरू. टकटक नाही, धूर नावापुरता, दिवा वेळेवर विझला. मी विचारलं, बाबा, हे तुम्हाला आजच सुचलं का? तर म्हणाले, मी पहिल्यापासून हेच घालत आलोय, पुस्तकात हेच लिहिलंय. मग मला जाड का सांगितलंत? बराच वेळ वायपर पुसत राहिले. मग म्हणाले, मधलं घातलं की ही कुरकुरत नाही. कुरकुरली नाही तर तू दुपारी परत फोन कशाला करशील? मी आत गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. यांनी बाहेरून विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, भांडी.

ता. क. २. शेजारीही आता सकाळी आपल्या गाडीजवळ फोन धरतात. आधी बाबांना ऐकवतात आणि मग त्यांच्या स्वतःच्या वडिलांना. त्यांच्या वडिलांना गाडीतलं काही कळत नाही. छान आहे म्हणतात.

ता. क. ३. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तुझा फोन का येत नाही यावर बाबांची तुझ्याबद्दल काही तक्रार नाही. मी तुझ्याविरुद्ध चांगली सुरुवात करून दिली होती, तरी नाही. ते अगदी मनापासून म्हणाले, त्याची गाडी नवी आहे गं, आवाजच करत नाही, मग तो बिचारा बोलणार तरी कशाबद्दल? तेव्हा दादा, एक काम कर. त्या गोऱ्या गाडीचं काहीतरी बिघडव. एखादा स्क्रू सैल कर, काहीच नाही जमलं तर बॉनेटमध्ये चमचा टाक. आणि उद्या सकाळी, मीटिंगच्या आधी, बाबांना फोन लावून बॉनेटजवळ धर. आवाज आला नाही तरी धरून ठेव. त्यांना काहीतरी ऐकू येईलच. आणि तेल कोणतं घालू असं नक्की विचार. जाड सांगतील. हो म्हण. घालू नकोस. दुपारी परत फोन कर.